संगणकाजवळ झाडू आणू नये

कोयनानगरला पाऊस किती पडतो हे बाहेरच्या माणसाला सांगून खरे वाटत नाही. वर्षाला साधारण चार-पाच हजार मिलिमीटर. जूनमध्ये लावलेली खिडकी पुष्कळदा सप्टेंबरातच उघडते. कपडे चुलीवर वाळवायचे, चपलांना बुरशी येते, भिंतीला हात लावला तर ओला होतो. अशा गावात, ऑगस्ट महिन्यात, आम्ही स्वेटर घालून बसलेलो असताना आमच्या कार्यालयातला संगणक उष्णतेने बंद पडत होता. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत एका बाईवर आळ आला. त्याची ही हकीगत आहे. आज आपल्या बऱ्याच घरांत मुलांसाठी संगणक आला आहे, तेव्हा ती वाचकांच्या उपयोगीही पडेल.

आम्ही तिघे त्या वेळी गावातल्या एका छोट्या पतसंस्थेत कामाला होतो. दोघी बायका आणि एक गडी, तिघेही आपल्याच वस्तीतले. नावे देत नाही. चूक तिघांची आहे, म्हणून 'आम्ही' असेच लिहितो.

संस्थेचे सभासद म्हणजे धरणाच्या कामावर आयुष्य काढलेले मजूर, भाजी विकणाऱ्या बाया, टपरीवाले, मुंबईला नोकरी करणाऱ्यांचे आईवडील. रोज दहा-वीस रुपये पिग्मीत टाकणारी माणसे. त्यांचे हिशोब आम्ही जाड लेजरांत लिहीत असू. २००५ च्या जानेवारीत संचालक मंडळाने ठराव करून संगणक घेतला. पेंटियम ४ चे यंत्र आणि वर काचेच्या नळीचा जड पडदा. त्या दिवशी पेढे वाटले गेले. खोलीत येताना चपला बाहेर काढायच्या, असे ठरले. तेव्हा सगळीकडेच तसे असे. संगणकाची खोली म्हणजे जणू गाभारा.

संस्थेला परवडणार नाही इतक्या पैशांची ती वस्तू होती, म्हणून तिला जपायचे सगळे उपाय आम्ही केले. सुताराकडून प्लायवूडचे टेबल करून घेतले. त्याच्या खालच्या बाजूला दाराचा कप्पा, त्यात संगणकाचा डबा, दाराला कुलूप. सभासदांबरोबर आलेली मुले बटण दाबतात, म्हणून दिवसभर दार बंद. मागच्या फळीला वायरीपुरते भोक. छप्पर गळते म्हणून कप्प्यावर प्लॅस्टिकचा कागद. पडद्यासाठी आमच्यातल्या एकीने क्रोशाचे आच्छादन विणून आणले. आणि भिंतीवर एक चिठ्ठी लावली: 'संगणकाजवळ झाडू आणू नये. हात लावू नये.' हुकूम साहेबांचा होता, अक्षर आमच्यातल्या एकीचे होते. चांगले वळणदार अक्षर म्हणून तिलाच लिहायला सांगितले होते.

ती चिठ्ठी एकाच माणसासाठी होती. कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशींसाठी. मावशी आमच्याच वस्तीतल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून चिठ्ठी आम्ही वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कोपऱ्याच्या हातभर अलीकडेच झाडू थांबवायला लागल्या. 'हात लावू नको' हे शब्द आमच्या घरांना काही नवे नाहीत. आमच्या आज्यांनी ते विहिरीवर ऐकले होते. तेच शब्द आपण चांगल्या अक्षरात लिहून भिंतीला लावले, हे तेव्हा आमच्या ध्यानातही आले नाही.

२००६ च्या ऑगस्टमध्ये यंत्र बंद पडू लागले. सकाळी दहाला सुरू केले की बाराच्या सुमारास पडदा एकदम काळा व्हायचा. बटण दाबले की पुन्हा सुरू व्हायचे, पण दुसऱ्यांदा अर्ध्या तासातच जायचे. मध्ये एक-दोन तास विसावा दिला तर पुन्हा बराच वेळ चालायचे. आज हे लिहिताना सगळे उघड दिसते. तेव्हा कुणाच्या मनात उष्णता आली नाही, कारण बाहेर गारठा होता. कुणी म्हणाले ओल शिरली, कुणी म्हणाले विजेचा दाब कमीजास्त होतो. साहेब म्हणाले, वायर निघत असणार. वायरीचा बोर्ड भिंतीजवळ होता, आणि त्या भिंतीकडेच्या वाटेने मावशी साडेबाराला झाडू फिरवीत.

एका बुधवारी गर्दी होती. कर्जाचे हप्ते भरायला रांग लागली होती. यंत्र बंद पडले आणि तासाभराच्या नोंदी गेल्या. संध्याकाळी रोकड आणि हिशोब यांचा मेळ बसेना. एका भाजीवाल्या बाईचा हप्ता संगणकात दिसत नव्हता, आणि तिच्या हातात पावती होती. तिने दारात उभे राहून आवाज चढवला. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मावशींना बोलावले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला किती वेळा सांगितलं? उद्यापासून येऊ नका."

मावशी एवढेच म्हणाल्या, "साहेब, ती चिठ्ठी लागल्यापास्नं म्या त्या कोपऱ्यात वाकले बी न्हाय."

आम्ही तिघेही समोर होतो. आम्ही रजिस्टरात पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. सकाळी आमच्यातल्या एकाने बाहेरची खोली झाडून घेतली. बाराला दहा मिनिटे कमी असताना पडदा काळा झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र दोनदा बंद पडले. बोर्डाच्या वायरी आम्ही सकाळीच दाबून बसवल्या होत्या. म्हणजे मावशींचा यात काही संबंध नाही, हे आम्हाला कळून चुकले होते. तरी साहेबांकडे कुणी गेले नाही. मावशींचे काम महिन्याला सहाशे रुपयांचे, आमचे अडीच हजारांचे, आणि तेही वर्षाच्या करारावर. सहाशेसाठी अडीच हजार धोक्यात का घालायचे, असे कुणी तोंडाने बोलले नाही, पण तिघांच्याही मनात तेच होते. आपल्याच माणसाच्या बाजूने बोललो तर 'तुमचे तुम्ही एक' असे ऐकावे लागेल, ही भीती वेगळीच.

शनिवारी कराडहून दुरुस्ती करणारा मुलगा एसटीने आला. विशीतला असेल. त्याने बटण दाबायच्या आधी कप्प्याच्या दाराला पंजा लावला आणि विचारले, "हे लाकूड गरम कसं?" कुलूप काढून दार उघडले, तशी तापल्या तव्यावरून यावी तशी वाफ तोंडावर आली. त्याने डबा बाहेर ओढला, चार स्क्रू काढून बाजूचा पत्रा बाजूला केला. आत प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये दीड वर्षाची धूळ आणि लेजरांच्या कागदाचा भुगा असा दाटून बसला होता की त्याची गोधडीच झाली होती. वरचा पंखा कण्हत फिरत होता, पण हवा खाली पोहोचतच नव्हती.

त्याने विचारले, "हितं झाडतं कोण?"

आम्ही म्हणालो, "कोणीच नाही." आणि आमच्यातल्या एकाने भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवले. ती वाचून तो मुलगा हसला. आम्हाला हसू आले नाही.

मग त्याने जे समजावून सांगितले ते आम्ही आजवर विसरलो नाही. संगणकाला जेवढी वीज लागते ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पेंटियम ४ च्या काही प्रोसेसरांची उष्णता शंभर वॅटच्या आसपास असे. म्हणजे पूर्वीच्या शंभराच्या बल्बाएवढी, पण ती सगळी बोटाच्या नखाएवढ्या चकतीत. ती चकती स्वतः गार होऊ शकत नाही. तिच्यावर धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा बसवलेला असतो, तो उष्णता ओढून घेतो. दोघांच्या मध्ये पेस्टचा पातळ थर असतो, म्हणजे हवेची फट राहत नाही. ठोकळ्यावरचा पंखा पट्ट्यांतली उष्णता हवेत सोडतो. ती तापलेली हवा मागच्या बाजूच्या पंख्याने डब्याबाहेर जायची, आणि समोरच्या खालच्या जाळीतून गार हवा आत यायची. यांतला एक दुवा तुटला की बाकीच्यांचा उपयोग नाही. आमच्याकडे दोन दुवे तुटले होते. पट्ट्या धुळीने बुजल्या होत्या आणि कप्प्यातून हवेला बाहेर जायला वाट नव्हती. पंखा आपलाच तापलेला श्वास पुन्हा पुन्हा आत घेत होता. प्रोसेसर फार तापला की आधी मंद चालतो आणि मग जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. वायर कुणीच काढत नव्हते.

मुलाने मऊ ब्रशने धूळ काढली, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि डबा कप्प्याबाहेर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला. यंत्र सुरू करताना एक कळ दाबली की आतले तापमान दाखवणारे पान उघडते, ते त्याने साफसफाईच्या आधीही पाहिले होते आणि नंतरही दाखवले. आधी ऐंशीच्या वर असलेला आकडा पन्नाशीत आला. त्या दिवशी यंत्र संध्याकाळपर्यंत चालले.

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. संगणक आणि उष्णता यांचे भांडण संगणकाच्या जन्मापासूनचे आहे. १९४६ साली अमेरिकेत लोकांसमोर आलेल्या एनिॲक यंत्रात सुमारे अठरा हजार काचेचे व्हॉल्व्ह होते आणि त्याला १५० किलोवॅट वीज लागे. ते गार ठेवायला मोठमोठे पंखे लावावे लागत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली संगणक उभा केला, त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. पुढे व्हॉल्व्ह गेले, चकत्या आल्या. सुरुवातीच्या घरगुती संगणकांचा प्रोसेसर इतका थोडा तापे की त्याच्यावर पंखाच नसे. १९९३ साली पेंटियम आला तेव्हापासून टेबलावरच्या संगणकात प्रोसेसरवर ठोकळा आणि पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. यंत्र लहान होत गेले, कामाचा वेग वाढला, पण उष्णतेला वाट देण्याचे काम काही सुटले नाही.

वाचकहो, हे ज्ञान आमच्या वस्तीत आधीपासूनच होते. ते आम्हाला त्याच शनिवारी संध्याकाळी कळले.

संध्याकाळी आम्ही तिघे मावशींच्या घरी गेलो. पाऊस कोसळत होता. त्यांनी काही न विचारता चहा टाकला. आम्ही चाचरत सगळे सांगितले. धूळ, कप्पा, कोंडलेली हवा. मावशी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "यात नवं काय हाय? आमचं मालक बोगद्यावर व्हतं. सुरुंग उडला की धूर भाईर निघस्तवर कुणाला आत सोडायचे न्हाईत. लांब पाइपातनं पंखा हवा ढकलायचा. एकदा पाइप फाटला, तर दोन गडी घेरी येऊन पडलं. हवा आत नुसती घालून भागत न्हाय बाळांनो, तिला भाईर जायला वाट लागती."

त्यांचे मालक कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यावर मजूर होते. एक हजार मेगावॅटचा तो टप्पा. १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर जलाशय रिकामा न करता, पाण्याखालचा खडक स्फोटाने फोडून पाणी त्या बोगद्यात घेतले गेले. त्या दिवसाच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्याआधी कितीतरी वर्षे डोंगराच्या पोटात हवेच्या पाइपाच्या भरवशावर काम करणारी माणसे मात्र बातमीत नव्हती. कोयनेची वीज १९६२ पासून महाराष्ट्राला मिळते. पोफळीचे वीजघरही डोंगराच्या आतच आहे. माणसांना श्वास घेता यावा म्हणून अशा घराला बाहेरून हवा पुरवावीच लागते. मोठी जनित्रेही तापतात. त्यांच्या तारांवरून हवा फिरवायची आणि त्या हवेतली उष्णता गार पाण्याच्या नळ्यांनी काढून घ्यायची, अशी या यंत्रांची रीत आहे. म्हणजे आमच्या गावच्या डोंगरात जे चालते तेच आमच्या टेबलाखालच्या डब्यात लहान प्रमाणात चालायला हवे होते. ते जाणणाऱ्या घरातल्या बाईला आम्ही त्या डब्यापासून हातभर लांब ठेवले होते.

आम्ही मावशींना सोमवारी या म्हणालो. त्या म्हणाल्या, "येईन. पर ती चिठ्ठी ज्यानं लिवली त्यानंच काढावी."

सोमवारी सकाळी आमच्यातल्या तिने ती चिठ्ठी काढली. साहेबांना आम्ही तिघांनी मिळून सांगितले की, मावशी नसतानाही यंत्र बंद पडत होते आणि हे आम्हाला गुरुवारीच कळले होते. साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मावशींच्या बुडलेल्या दिवसांचा पगार द्यायला सांगितले. भाजीवाल्या बाईची पावती पाहून तिचा हप्ताही जमा करून घेतला. मावशींची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीही मागितली नाही. चहा पाजणाऱ्या बाईच्या घरी जाऊन आम्ही यंत्राबद्दलच बोललो होतो.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी मावशी आणि आमच्यातले एक जण मिळून तो डबा साफ करत. मावशींचा हात आमच्यापेक्षा हलका होता. पुढे त्या काम सोडून घरी बसल्या, तोवर ते यंत्र उष्णतेने एकदाही बंद पडले नाही.

ज्यांच्या घरी, दुकानात किंवा अभ्यासिकेत टेबलावरचा संगणक आहे त्यांच्यासाठी आम्ही शिकलेल्या चार गोष्टी लिहितो. डबा बंद कपाटात ठेवू नये. मागे वीतभर आणि समोर मोकळी जागा ठेवावी. अगदी जमिनीवर ठेवू नये, केर तिथेच जास्त असतो. एकापेक्षा जास्त संगणक असतील तर एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर जाणार नाही असे मांडावेत. गार राहील म्हणून बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवणेही बरे नाही. त्याने हवेचा ठरलेला मार्ग मोडतो, आणि पाली, मुंग्या, धूळ आत जातात. खोलीत छताचा पंखा असला तरी कपाटात कोंडलेल्या डब्याला त्याचा उपयोग नाही.

साफ करताना यंत्र बंद करून वायर बोर्डातून काढावी. ओला फडका वापरू नये. कोरडा मऊ ब्रश घ्यावा. हवेने धूळ उडवायची असेल तर आतला पंखा बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो भलत्या वेगाने फिरून बिघडत नाही. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी उघडू नये, वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट. ओलीच्या भीतीने यंत्र महिनोनमहिने झाकून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. चालू यंत्र खोलीपेक्षा उबदार असते, त्यात दव धरत नाही. दव धरते ते बंद, गार यंत्रावर. म्हणून पावसाळ्यात रोज थोडा वेळ यंत्र चालवावे. आच्छादन घालायचेच तर यंत्र बंद करून गार झाल्यावर घालावे, आणि प्लॅस्टिकपेक्षा सुती कापडाचे घालावे. आता बऱ्याच मुलांकडे लॅपटॉप आहे. तो गादीवर किंवा गोधडीवर ठेवून वापरला तर खालची जाळी बुजते आणि आमच्या कप्प्यासारखीच गत होते. फळीवर किंवा पाटावर ठेवावा.

कष्टाने घेतलेली वस्तू आपण फार जपतो. शोकेसमधल्या कपबशा, खोळीतली गादी, झाकलेला टीव्ही. यात लाजण्यासारखे काही नाही, हे आपल्या गरिबीने शिकवलेले आहे. पण जपणे म्हणजे कोंडणे नव्हे. आणि वस्तू जपण्याच्या नादात माणसाला दूर ठेवले तर शेवटी वस्तूही राहत नाही.

हा अंक मावशींच्या घरी जातो. त्यांची नात आता शिकून नोकरीला लागली आहे. ती रविवारी आजीला वाचून दाखवते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जे त्या शनिवारी चहा पिताना म्हणायचे राहिले ते इथे लिहितो. मावशी, बुधवारी आम्ही समोर होतो आणि गप्प बसलो. गुरुवारी आम्हाला खरे कळले होते, तरी गप्प बसलो. आमचे चुकले. आम्हा तिघांना माफ करा.